कसर कुठे जाते?



संगणकाची भाषा शिकायला बसलेल्या मुलाला पहिल्या काही दिवसांतच एक धक्का बसतो. तो संगणकाला एक साधी बेरीज घालतो: ०.१ + ०.२. सहावीतले मूलही याचे उत्तर तोंडी ०.३ असे देईल. पण पायथन या भाषेत हे गणित घातले की पडद्यावर उमटते ०.३०००००००००००००००४. म्हणजे तीननंतर पंधरा शून्ये आणि शेवटी एक चार. मग पुढे विचारावे, ‘०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ एवढी आहे का?’ तर संगणक सरळ ‘नाही’ म्हणतो.

दरवर्षी आमच्याकडे हा प्रश्न येतो. कोणी म्हणते, टीचर, मशीन बिघडले. कोणी म्हणते, आमच्याकडून काही चुकले असेल. एखादी हुशार पण बुजरी मुलगी वही मिटते आणि ठरवून टाकते की हा विषय आपल्या डोक्याबाहेरचा आहे. आम्हाला या तिसऱ्या प्रकाराची काळजी वाटते. मशीन बिघडलेले नसते, मुलगीही चुकलेली नसते. मधे एक गोष्ट कोणी समजावून सांगितलेली नसते, एवढेच. ती गोष्ट आज सांगू. ज्यांचा संगणकाशी संबंध नाही त्या आयाबहिणींनीही वाचावे, कारण हा मुळात हिशोबाचा विषय आहे आणि घरचा हिशोब बहुधा त्यांच्याच हाती असतो.

आमच्या दोन भाषांत एक शब्द सामाईक आहे. उर्दू माध्यमाच्या गणितात अपूर्णांकाला ‘कस्र’ म्हणतात, म्हणजे मोडलेला तुकडा. मराठीत ‘कसर राहिली’ म्हणजे थोडे कमी पडले, पुरे झाले नाही. आजचा विषय या दोन अर्थांच्या मधोमध आहे. अपूर्णांक लिहिताना जी कसर राहते, ती कुठे जाते?

आण्यांचा हिशोब

घरातल्या बुजुर्गांना विचारा. पूर्वी एका रुपयाचे सोळा आणे होते आणि एका आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. ही पद्धत अर्धे करत जाण्याची आहे. रुपयाचा अर्धा म्हणजे आठ आणे, त्याचा अर्धा चार आणे, त्याचा अर्धा दोन आणे, त्याचा अर्धा एक आणा. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे आपले जुने शब्दही याच अर्ध्या-पावाच्या हिशोबातले आहेत.

१ एप्रिल १९५७ पासून आपल्या देशात दशमान नाणी आली आणि रुपयाचे १०० नवे पैसे झाले. आता जुना आणा नव्या पैशात किती? शंभर भागिले सोळा, म्हणजे सव्वासहा. पण सव्वासहा पैशांचे नाणे कुठून आणणार? म्हणून सरकारने बदलीचा तक्ता दिला: एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे म्हणजे १९, चार आणे म्हणजे २५.

हा तक्ता नीट पाहा. एक आण्याच्या वस्तू तीन वेळा वेगवेगळ्या घेतल्या तर ६ + ६ + ६, म्हणजे १८ नवे पैसे. त्याच तीन वस्तू एकदम घेतल्या तर तीन आण्यांचे १९ पैसे. वस्तू त्याच, भाव तोच आणि तरी एका पैशाचा फरक. इथे कोणी कोणाला फसवलेले नाही. दुकानदार खोटा नाही आणि तक्ताही चुकीचा नाही. एका पद्धतीत पूर्ण असलेली रक्कम दुसऱ्या पद्धतीत पूर्ण बसत नव्हती, म्हणून ती जवळच्या पैशावर आणली गेली. राहिलेली कसर कधी गिऱ्हाइकाच्या खिशात गेली, कधी गल्ल्यात.

संगणकात नेमके हेच घडते, फक्त उलट दिशेने. आपण दशमान पद्धतीत लिहितो आणि संगणक आण्यांच्या पद्धतीत मोजतो.

चौसष्ट घरे

संगणकाच्या आत फक्त दोन अंक असतात, ० आणि १. या द्विमान पद्धतीत दशांशचिन्हानंतरचे पहिले घर अर्ध्याचे, दुसरे पावाचे, तिसरे आठव्या हिश्शाचे, चौथे सोळाव्या हिश्शाचे. प्रत्येक घर आधीच्या घराच्या निम्मे. म्हणून अर्धा, पाव, पाऊण या रकमा संगणकाला अगदी अचूक लिहिता येतात. आपला जुना आणा तर चौथ्या घरातला एकच १ आहे. ०.५ + ०.२५ हे ०.७५ आहे का, असे विचारून बघा. संगणक ‘होय’ म्हणेल.

पण ०.१ म्हणजे दहावा हिस्सा. तो अर्धे-अर्धे करून कसा बनवणार? सोळावा हिस्सा घ्या, ०.०६२५ झाले. त्यात बत्तिसावा मिळवा, ०.०९३७५ झाले. पुढचे दोन हिस्से मिळवले तर ०.१ ओलांडले जाते, म्हणून ते सोडा. २५६वा आणि ५१२वा हिस्सा मिळवा, ०.०९९६०९३७५ झाले. असे करत राहा. प्रत्येक वेळी जवळ जाल, पण कधीही पोहोचणार नाही. वहीवर एक भागिले तीन करताना ०.३३३३ असे तीनाचे शेपूट संपत नाही, तसेच हे. तीन भाग करायचे म्हटले की आपली दशमान पद्धत अडते आणि दहा भाग करायचे म्हटले की संगणकाची द्विमान पद्धत अडते. अडण्याची जागा वेगळी आहे, कारण एकच आहे.

आपल्याला वहीची पाने वाढवता येतात. संगणकाने मात्र एका संख्येसाठी ६४ घरे ठरवून दिलेली आहेत. त्यातले एक घर अधिक-उणे चिन्हाचे, ११ घरे बिंदू कुठे आहे हे सांगणारी आणि ५२ घरे अंकांची. बिंदू पुढे-मागे सरकू शकतो म्हणून या पद्धतीला फ्लोटिंग पॉइंट म्हणतात. तिचे नियम १९८५ साली आयईईई ७५४ या नावाने ठरले. त्यामागे ज्यांचे मोठे काम होते त्या विल्यम काहन या गणितज्ञाला १९८९ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आज आपल्या मोबाइलपासून शाळेच्या संगणकापर्यंत बहुतेक सगळी यंत्रे हेच नियम पाळतात. म्हणून ०.१ + ०.२ चे ते विचित्र उत्तर सगळीकडे सारखेच येते. यंत्र बिघडले असते तर प्रत्येकाने वेगळे उत्तर दिले असते.

एसटीच्या थांब्यांची कल्पना करा. गाडी ठरलेल्या थांब्यांवरच उभी राहते. तुमची वाडी दोन थांब्यांच्या मध्ये असेल तर जवळच्या थांब्यावर उतरावे लागते. ०.१ नावाच्या वाडीला संगणकाच्या रस्त्यावर थांबा नाही. तो जवळच्या थांब्यावर उतरतो आणि तो थांबा किंचित पुढे आहे: एकनंतर सोळा शून्ये आणि मग ५५५१ अशी सुरुवात होऊन ती संख्या दशांशचिन्हानंतर ५५ व्या घरात संपते. ०.२ देखील थोडा पुढे उतरतो. ०.३ मात्र थोडा अलीकडे उतरतो. म्हणून दोघांची बेरीज ०.३ च्या थांब्यावर न येता त्याच्या पुढच्या थांब्यावर येते. मग पडद्यावर ०.१ लिहिले की ०.१ च का दिसते? कारण दाखवताना संगणक त्या थांब्याचे सर्वांत आखूड नाव दाखवतो. आतली संख्या किंचित वेगळीच असते.

दुधाची पावती

कोणी म्हणेल, पंधरा शून्यांनंतरचा चार, त्याने काय बिघडते? बिघडू शकते. एक उदाहरण आमच्या समोरचे आहे.

अकरावीतल्या एका मुलीची अम्मी संकलन केंद्रावर म्हशीचे दूध घालते. मुलीने आईसाठी हौसेने एक प्रोग्राम लिहिला. सकाळचे दूध आणि संध्याकाळचे दूध मिळवायचे, केंद्राच्या पावतीवरच्या एकूण लिटरशी ताडून पाहायचे आणि ‘जुळते’ किंवा ‘जुळत नाही’ असे लिहायचे. एके दिवशी सकाळी २.२ लिटर, संध्याकाळी १.१ लिटर आणि पावतीवर ३.३ लिटर. प्रोग्रामने लिहिले, ‘जुळत नाही’. महिन्यात असे बरेच दिवस निघाले. घरात बोलणे सुरू झाले. चाचा म्हणाले, ‘मला आधीच संशय होता, केंद्रावरचा माणूस मापात मारतो. उद्या चारचौघांत विचारतो.’ अम्मी म्हणाली, ‘आधी टीचरना दाखव.’

मुलगी वही आणि छापील यादी घेऊन आमच्याकडे आली. आम्ही तिला एवढेच सांगितले की बेरीज दोन दशांशांवर न आणता पूर्ण छापून बघ. उत्तर आले ३.३ च्या पुढे चौदा शून्ये आणि मग एक तीन. तो फरक दुधाच्या एका थेंबाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी आहे. छापताना दोन्ही संख्या ३.३० अशाच दिसत होत्या, पण प्रोग्राम आतल्या संख्या ताडत होता. केंद्रावरच्या माणसाचा यात काहीही दोष नव्हता. चाचांनी चारचौघांत विचारले असते तर एका प्रामाणिक माणसाची अब्रू गेली असती आणि त्यामागे पुरावा काय, तर संगणकाची छापील यादी.

मुलीने दुरुस्ती केली ती अशी. लिटरऐवजी मिलिलिटर धरले: २२०० आणि ११००, बेरीज ३३००. पूर्णांकांना संगणकात कसर नसते. त्या महिन्याचे सगळे दिवस जुळले. आणि यापुढे खरोखर शंभर मिलिलिटर कमी लागले तर प्रोग्राम ते दाखवेल. खोटा संशय गेल्यामुळे खरा फरक दिसण्याची सोय झाली.

लहान कसर, मोठे नुकसान

या कसरीने माणसांचे जीवही गेले आहेत. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरेबियातील धाहरान येथे इराकचे एक स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैन्याच्या निवासावर पडले आणि २८ सैनिक मारले गेले. असे क्षेपणास्त्र अडवण्यासाठी तिथे पेट्रियट नावाची यंत्रणा होती. तिने ते अडवण्याचा प्रयत्नच केला नाही.

पुढे चौकशीत कारण निघाले. यंत्रणेचे घड्याळ सेकंदाचे दहावे हिस्से मोजत होते आणि त्यांचे सेकंद करण्यासाठी ती ०.१ ने गुणत होती. तिथे फ्लोटिंग पॉइंट नव्हता, बिंदू पक्का बसवलेली २४ घरांची पद्धत होती. पण मूळ दुखणे तेच: ०.१ द्विमानात पूर्ण बसत नाही, आणि २४ घरांनंतरचे शेपूट छाटून टाकले होते. प्रत्येक ठोक्याला राहणारी कसर सेकंदाच्या एक कोटीव्या भागाइतकी. पण यंत्रणा सुमारे १०० तास न थांबता चालू होती. शंभर तासांत ३६ लाख ठोके. कसर साचत साचत ०.३४ सेकंद झाली. स्कड तेवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त अंतर कापते. यंत्रणा आकाशात चुकीच्या जागी शोधत राहिली. दुरुस्त केलेला प्रोग्राम धाहरानला पोहोचला तो दुसऱ्या दिवशी, २६ फेब्रुवारीला.

दुसरे उदाहरण पैशांचे. कॅनडातील व्हँकुव्हर शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये आपला निर्देशांक १००० पासून सुरू केला. दिवसाला सुमारे तीन हजार वेळा तो नव्याने काढला जाई आणि दर वेळी तिसऱ्या दशांशानंतरचे अंक छाटले जात. छाटणे नेहमी एकाच बाजूला, खाली. बाजार ठीक चालला होता, पण निर्देशांक घसरत राहिला. नोव्हेंबर १९८३ मध्ये तो ५२४.८११ वर आला होता. गणित नीट करून पाहिले तेव्हा खरा आकडा निघाला १०९८.८९२. निम्म्याहून जास्त निर्देशांक छाटलेल्या शेपटांत गेला होता.

या दोन्ही गोष्टींत एक सारखेपणा आहे. एकेक कसर नजरेत भरण्याइतकी नव्हती. ती एकाच दिशेने पडत होती आणि काम लाखो वेळा होत होते. कसर कधी वर, कधी खाली पडली तर बरीचशी आपसांत फिटते. नेहमी एकाच बाजूला पडली की साचते. म्हणूनच पायथनमध्ये राउंड करताना बरोबर अर्धा आला तर जवळच्या सम संख्येवर जातात: २.५ चे २ होतात आणि ३.५ चे ४. मुलांना हे आधी चुकीचे वाटते, पण कसर एकाच पारड्यात पडू नये म्हणून ते केले आहे.

वाटणी आणि उरलेले दोन पैसे

आता आपल्या घरातला सर्वांत नाजूक हिशोब घेऊ, तो म्हणजे वारशाचा. कोणाला किती हिस्सा हे जाणकारांनी सांगावे. आम्ही फक्त अंकगणित बघतो.

समजा, एक गृहस्थ वारले. मागे आई आणि दोन मुलगे आहेत. पत्नी आणि वडील आधीच गेलेले. कर्ज वगैरे फेडून दहा लाख रुपये उरले. आईचा सहावा हिस्सा आणि बाकीचे दोन मुलांत सारखे, म्हणजे प्रत्येकी बारा भागांतले पाच. संगणकावर किंवा कॅल्क्युलेटरवर केले तर आईचे १,६६,६६६.६७ रुपये आणि मुलांचे प्रत्येकी ४,१६,६६६.६७ रुपये. तिन्ही मिळवा: १०,००,०००.०१. एक पैसा जास्त! नसलेला पैसा कोण देणार? बरे, सगळ्यांचे खाली छाटले तर ९,९९,९९९.९८ होतात. मग दोन पैसे उरतात, आणि घेणारे तीन.

वारशाची जुनी रीत पाहिली तर तिथे हा घोटाळा मुळातच टाळलेला दिसतो. आधी सर्व हिश्शांना चालेल अशी एक मूळ संख्या काढायची, इथे ती १२. मग प्रत्येकाचे सहाम सांगायचे: आईचे २, मुलांचे ५ आणि ५. दोन, पाच आणि पाच मिळून बारा. कसर शून्य. पूर्ण संख्यांत वाटणी आधी पक्की होते, रुपयांचा प्रश्न सगळ्यांत शेवटी येतो. बगदादचे गणितज्ञ अल-ख्वारिझ्मी यांनी नवव्या शतकात बीजगणितावर जो ग्रंथ लिहिला, त्याचा मोठा भाग वारशाच्या गणितांचाच आहे. आज प्रोग्रामच्या पायऱ्यांना आपण अल्गोरिदम म्हणतो, तो शब्द त्यांच्याच नावावरून आला आहे.

प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलांनी हीच रीत उचलावी. पायथनमध्ये फ्रॅक्शन नावाची सोय आहे. तिला सहावा हिस्सा सांगितला की ती एक आणि सहा असे दोन पूर्णांक जपून ठेवते, भागाकार करत नाही. तिन्ही हिस्से मिळवले की उत्तर नेमके १ येते. रुपयांत शेवटी एकदाच आणायचे आणि उरलेले दोन पैसे कोणाला, हे वाटणीच्या कागदावर लिहून सर्वांची संमती घ्यायची. दोन पैशांसाठी कोणी भांडत नाही. पण ‘उरलेले कुठे गेले’ हे ज्या हिशोबात लिहिलेले नसते, त्या हिशोबावरचा विश्वास उडतो. बिशीचा हिशोब असो, जमातीच्या वर्गणीचा असो की भावाभावांच्या वाटणीचा, प्रश्न पैशांइतकाच विश्वासाचा असतो.

आधी ठरवा, मग मोजा

मग फ्लोटिंग पॉइंट वापरूच नये का? असे नाही. तापमान, अंतर, वजन, पाऊस या मोजलेल्या गोष्टी आहेत. वजनकाट्याची स्वतःची कसर संगणकाच्या कसरीपेक्षा कितीतरी पटींनी मोठी असते. तिथे फ्लोटिंग पॉइंट उत्तम चालतो, वेगही मिळतो. फक्त दोन मोजमापे ‘तंतोतंत सारखी आहेत का’ असे विचारू नये. ‘त्यांच्यातला फरक अमुकपेक्षा कमी आहे का’ असे विचारावे. तो ‘अमुक’ किती, हे मात्र संगणक सांगणार नाही. ते आपण कामाप्रमाणे ठरवायचे.

याचे एक सुंदर उदाहरण समरकंदचे आहे. १४२४ साली जमशीद अल-काशी यांनी वर्तुळाचा परीघ आणि त्रिज्या यांचे गुणोत्तर दशांशाच्या सोळा घरांइतके अचूक काढले. त्यासाठी त्यांनी ऐंशी कोटींहून अधिक बाजूंची बहुभुजाकृती कल्पिली, आणि सगळे हातांनी केले. पण आम्हाला त्याहून मोलाची वाटते ती त्यांची सुरुवात. त्यांनी आधी ठरवले होते की साऱ्या विश्वाएवढ्या मोठ्या वर्तुळाचा परीघ काढला तरी चूक घोड्याच्या एका केसाच्या जाडीहून जास्त होता कामा नये. किती कसर चालेल हे आधी आणि आकडेमोड नंतर. सहाशे वर्षांपूर्वीची ही शिस्त आजच्या नवशिक्या प्रोग्रामरला जशीच्या तशी लागू पडते.

म्हणून मुलांच्या वहीत आम्ही हे नियम लिहून देतो.

पहिला: जे मोजून संपते ते पूर्णांकात ठेवावे. रुपयांऐवजी पैसे, लिटरऐवजी मिलिलिटर, किलोऐवजी ग्रॅम. पायथनचा पूर्णांक कितीही मोठा झाला तरी एक अंकही सोडत नाही.

दुसरा: दशांशातच काम करायचे असेल तर डेसिमल ही सोय वापरावी. ती माणसासारखी दहाच्या पटीत मोजते. पण तिला ०.१ देताना अवतरणचिन्हांत द्यावे. उघडा दिला तर तो आधीच जवळच्या थांब्यावर उतरलेला असतो आणि डेसिमल ती कसर इमानदारीने जशीच्या तशी जपून ठेवते.

तिसरा: मधल्या प्रत्येक पायरीवर राउंड करू नये. सगळे गणित झाल्यावर शेवटी एकदाच करावे. आण्यांचा तक्ता आठवा: तीन वेळा केले तर १८, एकदा केले तर १९.

चौथा: भागाकाराने काम होत असेल तर दशांशाने गुणू नये. अडीच टक्के जकात काढताना ०.०२५ ने गुणण्याऐवजी सरळ ४० ने भागावे. ०.०२५ संगणकात पूर्ण बसत नाही, ४० पूर्ण बसतो. चाळिसावा हिस्सा हे आपल्या वडीलधाऱ्यांचे शब्दही हेच सांगतात.

पाचवा: ०.१ ने पुढे सरकत ‘१ येईपर्यंत चालू ठेव’ असा फेरा कधी लिहू नये. दहा वेळा ०.१ मिळवल्यावर १ येतच नाही, त्याच्या किंचित अलीकडची संख्या येते. अकराव्या वेळी १ मागे पडलेला असतो आणि फेरा थांबतच नाही. फेऱ्या पूर्णांकात मोजाव्यात: एक, दोन, तीन, दहापर्यंत.

मुलांनी करून पाहावे

सुटीच्या दिवशी घरच्या संगणकावर किंवा मोबाइलवर या तीन गोष्टी करा आणि अब्बा-अम्मीला दाखवा.

एक. ०.१, ०.२ आणि ०.३ या तीन संख्या मिळवा. आधी पहिल्या दोन कंसात घ्या, मग शेवटच्या दोन कंसात घ्या. एकदा ०.६००००००००००००००१ येईल, एकदा ०.६ येईल. बेरीज कोणत्या क्रमाने केली याने उत्तर कसे बदलते, ते आण्यांच्या तक्त्याशी ताडून लिहा.

दोन. २.६७५ ही संख्या दोन दशांशांवर राउंड करा. शाळेच्या नियमाने २.६८ यायला हवे, पायथन २.६७ देईल. का, ते एसटीच्या थांब्यावरून सांगा. इशारा: २.६७५ ला थांबा नाही. तो कोणत्या बाजूला उतरला असेल?

तीन. घरच्या दहा दिवसांच्या किराणा खर्चाची बेरीज एकदा रुपयांच्या दशांशात करा आणि एकदा पैशांच्या पूर्णांकात. दोन्ही उत्तरे पूर्ण छापून शेजारी शेजारी ठेवा.

पालकांना एकच विनंती आहे. मूल ‘कॉम्प्युटरचे उत्तर चुकले’ असे सांगत आले तर त्याला गप्प करू नका आणि ‘कॉम्प्युटर कधी चुकत नाही’ असेही म्हणू नका. त्याला विचारा, कसर किती आहे आणि ती कुठे गेली? मूल कागद-पेन्सिल घेऊन तिचा माग काढेल. हिशोब करणाऱ्याला, मग तो माणूस असो की त्याने लिहिलेला प्रोग्राम, या प्रश्नाचे उत्तर देता आले पाहिजे.